बाबांची पुस्तकं, समासातले प्रश्न आणि आमची अडचण

पानोपानी:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय इथे, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. बाबा जाऊन चार महिने झाले. वय ७९, शेवटचे तीन आठवडे सोडले तर तब्येत ठणठणीत, त्यामुळे रडारडीचा धागा नाहीये हा. एक खरीखुरी अडचण आहे आणि ती सांगायची तर आधी बाबा कसे होते ते सांगावं लागेल, म्हणून जरा लांबण लागणारे.

बाबा हिशेबनीस. ३६ वर्षं एकाच ऑफिसात, आधी जमाखर्चाच्या वह्या आणि मग कॉम्प्युटर आल्यावर त्याच वह्या कॉम्प्युटरात. ऑफिसबद्दल घरी चकार शब्द नाही. आले की खुर्चीत, कानावर पेन्सिल, मांडीवर पुस्तक. विषय कुठलाही, म्हणजे खरंच कुठलाही, पक्षी, पूल कसे बांधतात, व्याकरण, जहाजं, साप, भूमिती, कविता. एकदा लिफ्ट दुरुस्तीचं मॅन्युअल वाचताना सापडले होते, ते कुठून आणलं हे शेवटपर्यंत सांगितलं नाही. आम्हाला शाळेत कोणी विचारलं की वडील काय करतात तर दादा सांगायचा, वाचतात.

पुस्तकं भरली साधारण १४०० (दादाने मोजली, मी म्हणते जास्त आहेत, त्याने पलंगाखालची धरलीच नाहीत).

आता मुद्दा. बाबा पेन्सिलीने समासात लिहायचे, पण काय, तर फक्त प्रश्न. मत नाही, "वा" नाही, अधोरेखित तर अजिबात नाही, अधोरेखित केलेलं पुस्तक बघून त्यांच्या कपाळाला आठी पडायची. प्रश्न आणि तारीख, बास. मग कधीतरी, दोन महिन्यांनी नाहीतर वीस वर्षांनी, दुसऱ्याच कुठल्या पुस्तकात उत्तर सापडलं की उठायचं, पहिलं पुस्तक शोधून काढायचं आणि त्या प्रश्नाखाली दुसऱ्या पुस्तकाचं नाव, पान नंबर, तारीख टाकायची. आणि दुसऱ्या पुस्तकात उलटी नोंद, की हे अमक्या पुस्तकातल्या तमक्या पानावरच्या प्रश्नाचं उत्तर. हिशेबनीसच ते, नावे टाकलं की कुठेतरी जमा पडायलाच हवं.

उदाहरणं देते. प्राण्यांच्या एका पुस्तकात, "वटवाघूळ उलटं झोपतं मग झोपेत सुटून पडत का नाही? १४/२/८३." खाली, चार वर्षांनी, दुसऱ्या पुस्तकाचं पान आणि एक ओळ, "स्वतःच्याच वजनाने पायाचे स्नायुबंध ओढले जाऊन नख्या लॉक होतात. सोडायला कष्ट, धरायला नाहीत." एका खगोलाच्या पुस्तकात १९८१ साली लिहिलंय, "तारे अगणित, सगळीकडे तारेच तारे, मग रात्र काळी कशी?" हा प्रश्न तर अकरा वर्षं उधार होता. १९९२ ची नोंद आहे, "जुनाच प्रश्न निघाला! ओल्बर्स, १८२३. विश्वाला वय आहे, लांबच्या ताऱ्यांचा उजेड अजून आपल्यापर्यंत पोचलाच नाही." तो उद्गारवाचक खूप मोठा काढलाय. दोनशे वर्षांपूर्वी कोणाला तरी हाच प्रश्न पडला होता याचा त्यांना उत्तरापेक्षा जास्त आनंद झाला असणार, मी ओळखते ना.

तर अडचण ही. आई आता दादाकडे राहायला जातेय, घर रिकामं करायचंय, आणि १४०० पुस्तकं ना त्याच्याकडे मावतात ना माझ्याकडे. वाटून टाकावीत, द्यावीत, हे कळतं. पण एक पुस्तक दिलं की दुसऱ्या पाच पुस्तकांतल्या नोंदी लटकतात. उत्तर कुठे आहे ते लिहिलंय आणि ते पुस्तकच गेलंय, असं होणार. काय करावं? कोणी अशा प्रसंगातून गेलंय का?

सांजवात:
फार सुंदर लिहिलंय. भावपूर्ण श्रद्धांजली. नावे-जमा वाचून डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही.

खोडरबर:
वटवाघळाचं माहीत नव्हतं. म्हणजे मेलेलं वटवाघूळ पण लटकतच राहत असेल?

पानोपानी:
@खोडरबर, हो, राहतं म्हणे. आणि तुमचा हाच प्रश्न बाबांनी पण लिहिलाय, त्याच पानावर, आडवा :)

रोखठोक:
रंगाचा बेरंग करायचा नाही, पण असे "वाचनवेडे बाबा" वाचले की मला पहिल्यांदा प्रश्न पडतो की त्या वेळात घर कोण बघत होतं. आमच्या घरीपण होते एक विद्वान. पुस्तकांत डोकं आणि आई मात्र सकाळी पाचपासून उभी. ते गेल्यावर सगळे म्हणाले केवढं वाचन होतं, आई गेल्यावर म्हणाले फार सोसलं बिचारीने. तुमच्या बाबांबद्दल मला काही माहीत नाही, राग नसावा.

सांजवात:
@रोखठोक, धागा काय, तुम्ही बोलताय काय. वेळ तरी बघा.

पानोपानी:
@सांजवात, असू दे हो. @रोखठोक, राग नाही, प्रश्न बरोबर आहे आणि मी पण आईला हा विचारलेला आहे, कॉलेजात असताना, भांडून. बाबा आमचा अभ्यास घ्यायचे, आम्हाला आंघोळी घालायचे, आजारपणात रात्र रात्र बसायचे (पुस्तक घेऊन, पण बसायचे), पण स्वैपाकघर आणि बाकीचा रामरगाडा आईचाच, हे खरंच आहे, खोटं कशाला सांगू.

पण एक गंमत सांगते, ती मला पण आत्ता आवराआवरीतच कळली. एका यंत्रांच्या पुस्तकात बाबांचा प्रश्न आहे, "शिलाई मशीनची सुई कापडातून आरपार जातच नाही, वर खाली होते फक्त. मग खालचा दोरा वरच्यात अडकतो कसा? ३/९/८९." त्याखाली दोन वेगवेगळ्या पुस्तकांची नावं लिहून खोडलेली, म्हणजे तिथे उत्तर मिळालं नाही. आणि त्याखाली पेनाने, निळ्या शाईत, आईच्या अक्षरात:

"मला विचारायचं होतं. या इकडे, खालची पट्टी सरकवून दाखवते."

आई तेव्हा शिवण करायची हो, लोकांचे कपडे शिवायची, म्हणजे हे गृहस्थ खुर्चीत बसून पुस्तकांत शोधतायत आणि पलीकडच्या खोलीत मशीन खडखडतंय! त्याखाली परत बाबांची पेन्सिल, "दाखवलं. नेढं सुईच्या टोकाशी असतं, खालचा हूक वरच्या दोऱ्याचा फास पकडून अख्ख्या बॉबिनभोवती फिरवून आणतो. संदर्भ: सौ., प्रत्यक्ष." आणि तारीख.

आईला विचारलं तर म्हणाली, त्या दिवसापासून बॉबिन भरून द्यायचं काम त्यांच्याकडे लागलं, आणि चांगली भरायचे.

रोखठोक:
"संदर्भ: सौ., प्रत्यक्ष" वर मी शरण. आईंना नमस्कार सांगा.

शेल्फनंबर:
लायब्ररीत २२ वर्षं काढली आहेत, तेव्हा थोडं कडू बोलतो. "बाबांची पुस्तकं लायब्ररीला देऊ" असं मनात असेल तर आधी यादी पाठवा, खोकी घेऊन जाऊ नका. लोक खोकी आणून ठेवतात आणि आम्हाला नाही म्हणता येत नाही, मग महिनोन्‌महिने जिन्याखाली. जुनी पाठ्यपुस्तकं, आवृत्ती जुनी झालेली कायदा-कॉम्प्युटर-औषधांची पुस्तकं, अर्धे संच, हे कोणी घेत नाही. बाकीच्यातलं पण जे आधीच आहे ते घेणार नाहीत. आणि समासात लिहिलेलं पुस्तक म्हणजे आमच्या भाषेत खराब प्रत. तुमच्या दृष्टीने जे सोनं आहे ते नोंदवहीत "पेन्सिलच्या खुणा" असं जाईल, आणि एखादा उत्साही शिपाई खोडून पण टाकेल, बघितलंय मी.

दुसरी बाजू पण सांगतो. ग्रंथालयशास्त्रात रंगनाथनांचे पाच नियम आहेत, १९३१ चे, त्यातला पहिलाच, पुस्तकं वापरासाठी असतात. अख्खा संग्रह "जसाच्या तसा" जपायच्या नादात कुलूपबंद कपाटं झालेली मी पाहिली आहेत. बाबांचा संग्रह म्हणून जे आहे ना ते पुस्तकं नाहीत, त्या नोंदी आहेत. नोंदी उतरवून घ्या, पुस्तकं मोकळी सोडा.

वर्गमूळ:
शेल्फनंबर यांना +१, आणि याला भक्कम पुरावा आहे. धाग्याचं नाव वाचल्यापासून फर्मा डोक्यात घोळतोय. फर्मा पेशाने न्यायखात्यातला माणूस, गणित हा फावल्या वेळचा नाद. डायोफँटसच्या अंकगणिताच्या प्रतीत समासात नोंदी करायचा. १६३७ च्या आसपास त्याने ती प्रसिद्ध ओळ लिहिली, की वर्गापुढच्या कुठल्याही घाताचे त्याच घाताचे दोन भाग पडत नाहीत, माझ्याकडे याची झकास सिद्धता आहे पण हा समास अरुंद पडतो. मग १६६५ ला तो गेला. पुढचं लोक सांगत नाहीत. त्याच्या मुलाने, साम्युएलने, बापाच्या सगळ्या समासनोंदी उतरवून १६७० मध्ये ते पुस्तक नोंदींसकट नव्याने छापलं. पोराने एवढा उद्योग केला नसता तर ते विधान जगाला कळलंच नसतं, कारण फर्माची ती मूळ प्रत आजतागायत सापडलेली नाही! अँड्र्यू वाइल्सने १९९४ मध्ये सिद्धता पुरी केली, १९९५ मध्ये छापून आली, म्हणजे साडेतीनशे वर्षांहून जास्त.

म्हणून म्हणतो, उतरवा. पुस्तकाचं काही खरं नसतं.

पानोपानी:
@वर्गमूळ, साम्युएलचं माहीत नव्हतं. दोनदा वाचलं. आईला मोठ्याने वाचून दाखवलं, ती म्हणाली, म्हणजे त्याच्या पण घरात जागा नव्हती का.

कागदीहोडी:
मी उलट टोकाची आहे. माझ्या वडिलांची खोकी दहा वर्षं सांभाळली, "नंतर बघू" करत. उघडली तेव्हा खालच्या दोन खोक्यांत कसर, एकात ओल. जे वाचलं असतं ते पण गेलं. तेव्हा भावना बाजूला ठेवून काही कामाचं सांगते, मोबाईलवरून टाइप करतेय म्हणून विस्कळीत आहे. खोकी जमिनीवर आणि बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवायची नाहीत. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावायची नाही, काही वर्षांत गोंद पिवळा होऊन कागदात मुरतो आणि तो डाग निघत नाही. लॅमिनेशन तर नाहीच नाही. कसर लागलेलं पुस्तक असेल तर प्लॅस्टिक पिशवीत घट्ट बंद करून दोन-तीन आठवडे डीप फ्रीझरमध्ये, आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, एक दिवस तशीच ठेवायची, नाहीतर आत पाणी धरतं. चामड्याच्या बांधणीचं वगैरे असेल तर हे करू नका. आणि पेन्सिलचं बरं असतं, ग्रॅफाइट आहे, उडत नाही, पण घासलं तर पुसट होतं, तेव्हा फोटो काढताना उजेड बाजूने तिरका पडू दे, दाबलेलं अक्षर उठून दिसतं.

अवांतर: १९ व्या शतकाच्या मध्यानंतरची पुस्तकं बहुतेक लाकडाच्या लगद्याच्या कागदावर, त्यात आम्ल असतं, म्हणून ती पिवळी होऊन तुकडे पडतात आणि त्याच्या आधीची चिंध्यांच्या कागदावरची मात्र टकाटक. जुन्या पुस्तकाचा जो गोडसर वास आपल्याला आवडतो ना, तो पण कागद कुजत चालल्याचाच. लिग्निन फुटून व्हॅनिलिनसारखी द्रव्यं सुटतात.

पानोपानी:
@कागदीहोडी, खूप आभार, तिरक्या उजेडाने खरंच कमाल झाली, एका पुस्तकात मला काहीच दिसत नव्हतं तिथे अख्खं वाक्य निघालं. ("याचं उत्तर पोरीला विचारावं." पोरगी म्हणजे मी, प्रश्न मोबाईलमधल्या टचस्क्रीनचा, मला कधीच विचारला नाही. किंवा विचारला असेल आणि मी "नंतर सांगते" म्हटलं असेल, जास्त शक्यता तीच.)

दिवाभीत:
डार्विन आठवला. तो पण पुस्तकांत सपाटून लिहायचा, आणि जाड पुस्तक हातात धरायला जड जातं म्हणून सरळ मधोमध फाडून दोन करायचा, हे त्याच्याच मुलाने लिहून ठेवलंय. घरात पोरांचा धुडगूस. उत्पत्तीवरच्या त्या जगप्रसिद्ध ग्रंथाच्या हस्तलिखिताची जी थोडी पानं उरली आहेत त्यातली काही उरली ती पोरांनी मागे चित्रं काढली म्हणून. आणि बायकोबरोबर रोज रात्री बॅकगॅमनचे दोन डाव, त्याचा हिशेब ठेवलेला. १८७६ च्या एका पत्रात फुशारकीने कळवतो की तिने २४९० जिंकले आणि मी २७९५. तुमच्या बाबांचं आणि त्याचं जमलं असतं.

पानोपानी:
पुस्तक मधोमध फाडलं हे ऐकून बाबा उठून गेले असते :) पण पोरांच्या चित्रांवरून आठवलं. नकाशांच्या एका मोठ्या पुस्तकात मी तीन वर्षांची असताना लाल खडूने एक अख्खा महासागर गिरबटवलाय. बाबांनी त्याच्या कडेला पेन्सिलीने लिहिलंय, "नवा खंड. शोध: कन्या." आणि तारीख. मला कोणी रागावल्याचं आठवत नाही.

आणि एक खेळ असायचा आमचा. प्रत्येक नव्या पुस्तकाच्या मागचा आयएसबीएन नंबर तपासायचा. जुना दहा आकडी असला की पहिल्या आकड्याला १० ने गुणायचं, दुसऱ्याला ९ ने, असं करत शेवटच्याला १ ने, आणि बेरजेला ११ ने पूर्ण भाग गेला पाहिजे. शेवटी एक्स असेल तर तो १०. जो आधी "बरोबर!" ओरडेल त्याला पुस्तक आधी वाचायला. २००७ पासून तेरा आकडी आले, त्यात एकाआड एक १ आणि ३ ने गुणून १० ने भागायचं, तेव्हा आम्ही मोठे झालो होतो, पण बाबांनी नियम फोनवर कळवला होता, जणू काही घरातली बातमी.

आळशी_कासव:
मी धागाकर्तीचा मोठा भाऊ. लिंक हिनेच पाठवली आणि वर म्हणते काही लिहू नकोस. पहिली गोष्ट, पलंगाखालची मोजली होती, १३९४ आहेत. दुसरी, ती खेळात जिंकायची कारण बेरीज न करताच ओरडायची, छापील नंबर बरोबरच असणार हे तिने पहिल्याच महिन्यात ताडलं होतं. बाबांना माहीत होतं हे.

एक माझ्याकडून. ८ जून २००४, शुक्र सूर्याच्या बिंबावरून गेला, १८८२ नंतर पहिल्यांदाच. बाबांनी रजा टाकली, एरवी तापात पण ऑफिसला जाणारा माणूस. दुर्बिणीतून सूर्याकडे बघायचं नाही म्हणून तिचा उजेड पुठ्ठ्यावर पाडला आणि आम्ही सगळे तो एक काळा ठिपका बघत बसलो, तासन्‌तास, आई पण मशीन सोडून आली होती. खरं सांगू का, कंटाळवाणं होतं. ठिपका हलत नाही, म्हणजे हलतो पण कळत नाही. मी आत निघालो तर म्हणाले, थांब, पुढचा २०१२ ला आहे, त्याच्या पुढचा २११७ ला. २०१२ ला मी दुसऱ्या गावी होतो, फोनवर बोलत दोघांनी आपापल्या ठिकाणाहून बघितला. आत्ता ते खगोलाचं पुस्तक माझ्याकडे आलंय. त्यात पानावर तीन ओळी आहेत: "२००४ पाहिलं, चौघं. २०१२ पाहिलं, फोनवर. २११७ —" आणि पुढे काही नाही.

सांजवात:
...

पानोपानी:
दादा हे तू मला सांगितलं नव्हतंस.

आळशी_कासव:
तू विचारलं नाहीस. (संदर्भ: सौ.)

पानोपानी:
बरं मंडळी, ठरलं. नोंदी उतरवतोय, दोघं मिळून, प्रत्येक पानाचा फोटो आणि एक साधी तक्ता-फाईल, प्रश्न, पुस्तक, पान, तारीख, उत्तर कुठे. आत्तापर्यंत ४१२ प्रश्न झाले. त्यातले जवळजवळ शंभर अजून उधार आहेत, खाली काहीच नाही. पुस्तकं मग यादी करून देणार, आई म्हणतेय शिवणाचं आणि नकाशाचं तेवढं माझ्या खोलीत ठेवा. उधारीतले थोडे इथे टाकते, कोणाला येत असतील तर सांगा:

जांभई बघून जांभई का येते?
आरसा डावं-उजवं उलटवतो, मग वर-खाली का नाही?
कागदाची घडी सातपेक्षा जास्त वेळा पडत नाही म्हणतात. सातच का? (हा १९९८ चा)

खोडरबर:
आरसा डावं-उजवं उलटवतच नाही, पुढचं-मागचं उलटवतो. उत्तरेकडे तोंड करून उभे राहा, तुमचा पूर्वेकडचा हात आरशात पण पूर्वेलाच असतो. फक्त नाक दक्षिणेकडे बघतं. आपण त्या जागी वळून उभं राहिल्याची कल्पना करतो म्हणून घोळ होतो.

दिवाभीत:
जांभईला अजून पक्कं उत्तर नाही. मते आहेत, माणसामाणसातल्या सहभावनेशी जोडणारी, पण सगळ्यांना पटलेलं एकही नाही. हे लिहिताना तीन आल्या.

वर्गमूळ:
सात हा नियम नाहीच! २००२ साली ब्रिटनी गॅलिव्हन नावाच्या शाळकरी मुलीने १२ घड्या घालून दाखवल्या. टॉयलेट पेपरचा सुमारे १२०० मीटर लांबीचा पट्टा घेऊन, एकाच दिशेने. दर घडीला थर दुप्पट, सात घड्यांना १२८, बाराला ४०९६. प्रत्येक घडीत वळणावरच कागद खर्च होतो, आणि थर जाड झाले की सगळी लांबी वळणातच संपते. किती लांब कागदाला किती घड्या याचं सूत्र पण तिने काढलं. लिहून टाका बाबांच्या पुस्तकात.

पानोपानी:
अरे वा!! २००२, म्हणजे बाबांनी प्रश्न लिहिल्यावर चारच वर्षांनी उत्तर तयार होतं, त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. लिहिते. दादा, ते भूमितीचं पुस्तक कुठल्या खोक्यात गेलं?

आळशी_कासव:
माझ्याकडे आहे, पान ६१, समोरच उघडून बसलोय. पेन्सिल पण सापडली, त्यांचीच, टोक करून ठेवलेली. पण थांब, लगेच नको. मी आधी एक रोल आणतो आणि आई आणि मी मिळून सातच्या पुढे जाऊन बघतो. नुसतं कोणी सांगितलं म्हणून त्यांनी लिहिलं नसतं.